कचऱ्याच्या वायूचा ताळेबंद

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू हॅम्पशायर नावाचे एक लहानसे राज्य आहे. त्यातल्या डरहॅम गावी राज्याचे विद्यापीठ आहे. हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो आणि वसतिगृहे, वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय सारे काही महिनोन्महिने गरम ठेवावे लागते. आपल्याकडची मुलेमुली शिकायला अमेरिकेत जातात, तेव्हा त्यांच्या आया फोनवर पहिला प्रश्न विचारतात तो थंडीचाच. या विद्यापीठाने २००९ साली आपल्या उबेची सोय शेजारच्या रॉचेस्टर गावच्या कचऱ्याच्या डोंगरातून केली. डोंगरात नळ घालून वायू काढला, तो स्वच्छ केला आणि १२.७ मैल, म्हणजे सुमारे वीस किलोमीटर लांबीच्या जमिनीखालच्या नळाने तो विद्यापीठाच्या आवारात आणला. तिथे त्यावर वीज तयार होते आणि वीज करताना जी उष्णता उरते, तिने इमारती गरम होतात. विद्यापीठाची विजेची आणि उष्णतेची मिळून ८५ टक्क्यांपर्यंत गरज यातून भागेल, असा आराखडा होता.

हे वाचल्यावर कुणाही सुज्ञ गृहिणीच्या मनात जो विचार येईल, तोच माझ्याही मनात आला. कचरा फुकट, त्यातला वायूही फुकट, मग आपल्याकडे हे का नाही? परंतु बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाचा डोळा पुढच्या ओळीकडे जातो. या फुकटच्या वायूसाठी विद्यापीठाने ४ कोटी ९० लाख डॉलर खर्च केले. हा पैसा कुठे गेला, तो कसा परत यायचा आणि आपल्या गोराई-देवनारला तसाच पैसा घातला तर तो परत येईल का, हे जरा बैजवार पाहण्यासारखे आहे.

आधी वायूची गोष्ट. महापालिकेच्या कागदात ज्याला क्षेपणभूमी म्हणतात आणि लोकांच्या तोंडी जे ‘डम्पिंग’ असते, तिथे कचऱ्यावर कचऱ्याचे थर पडत जातात. खालच्या थरांना हवा मिळेनाशी होते. मग हवेवाचून जगणारे जीवाणू भाजीचे देठ, शिळे अन्न, कागद, लाकूड यांवर काम करू लागतात आणि त्यातून वायू सुटतो. त्यात निम्मा मिथेन असतो आणि जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड. मिथेन म्हणजे आपल्या गोबरगॅसमधला जळणारा वायू. तो हवेत सुटला तर पृथ्वी तापवण्याचे काम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट करतो, आणि हा हिशेब शंभर वर्षांचा आहे. वीस वर्षांचाच हिशेब धरला तर ते प्रमाण ऐंशी पटीच्या वर जाते.

तो पकडण्यासाठी ढिगात छिद्रे पाडलेले नळ उभे रोवतात. त्यांना ‘विहिरी’ म्हणतात. सगळ्या विहिरी एका मोठ्या नळाला जोडून ब्लोअरने वायू ओढतात, त्यातले पाणी काढतात. त्याचा उपयोग करायचा नसेल तर तो एका उंच नळकांड्यात नुसता जाळून टाकतात. नुसता जाळला तरी मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हवेचा अपराध बराच हलका होतो. उपयोग करायचा असेल तर मात्र वायू धुऊनपुसून घ्यावा लागतो. आपण केसांना जो शाम्पू लावतो, अंगाला जी क्रीमे लावतो, त्यांत सिलिकॉनची संयुगे असतात. ती कचऱ्याबरोबर जातात, वायूत मिसळतात आणि इंजिनात जळताना त्यांची बारीक वाळू होऊन दट्ट्यांवर चिकटते. आपला शाम्पू कुठे जाऊन कुणाचे इंजिन घासतो पाहा! शिवाय कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो, तो धातू खातो. म्हणजे जळण फुकट असले तरी चूल महाग आणि तिची निगा त्याहून महाग.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. १९८१-८२ साली सरकारची राष्ट्रीय बायोगॅस योजना सुरू झाली होती आणि गोबरगॅसच्या कर्जांची उद्दिष्टे वरून येत असत. एका शेतकऱ्याकडे तपासणीला गेलो, तर संयंत्राची लोखंडी टाकी अंगणात पालथी पडलेली आणि तिच्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. दुष्काळात म्हशी विकल्या होत्या. शेण नाही तर गॅस कुठला? तो माणूस मात्र इमानी. म्हणाला, “साहेब, हप्ता देतो, पण म्हशीचं कर्ज आधी द्यायला हवं होतं, टाकीचं मागनं.” कर्जप्रस्तावाची छाननी कशी करावी, हे मला मुंबईच्या प्रशिक्षण केंद्रापेक्षा त्या अंगणात अधिक कळले. जळण किती, किती वर्षे पुरणार, आणि घेणार कोण? यंत्र कुठल्या कंपनीचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

डरहॅमला हेच प्रश्न लावून बघा. घेणारा कोण, तर विद्यापीठ स्वतः. ते उद्या उठून दुसऱ्या गावाला जाणार नाही, दिवाळखोरीत निघण्याची शक्यताही कमी. आणि मुख्य म्हणजे त्याला नुसती वीज नको आहे, उष्णताही हवी आहे. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. वायूवर चालणाऱ्या इंजिनात शंभर भाग ऊर्जा घातली तर विजेच्या रूपाने पस्तीस ते चाळीस भाग हाती येतात. उरलेली उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. ती उष्णता विकत घेणारा कुणी शेजारी असेल तर त्याच वायूचे उत्पन्न वाढते. नसेल तर तुम्ही साठ भाग माल रस्त्यावर ओतून चाळीस भागांवर दुकान चालवता. दक्षिण कॅरोलिनातल्या बीएमडब्ल्यूच्या मोटार कारखान्याने २००३ सालापासून साडेनऊ मैलांवरच्या कचराभूमीतून वायू आणला, तो याच गणिताने. कारखान्याला वीजही लागत होती आणि गरम पाणीही.

त्याहून साधा मार्ग म्हणजे वीज करूच नये, वायू सरळ जाळावा. बॉयलरमध्ये किंवा भट्टीत जाळला तर इंजिन नको, त्याची दुरुस्ती नको. उत्तर कॅरोलिनात डिल्सबरो नावाच्या खेड्यात २००६ साली जुन्या, बंद पडलेल्या लहान कचराभूमीच्या वायूवर लोहाराचे भाते, काच फुंकण्याच्या भट्ट्या आणि रोपांची गरम घरे चालवायला सुरुवात झाली. वायू इतका थोडा की त्यावर वीजकेंद्राचा विचारही कुणी केला नसता. पण लोहाराला आणि काचकाम करणाऱ्याला तो पुष्कळ होता. मला हा प्रकल्प सर्वांत आवडतो, कारण त्यात अंथरूण पाहून पाय पसरलेले आहेत.

आपल्याकडे उबेला गिऱ्हाईक नाही. मुंबईत जानेवारीतही पंखा लागतो. उष्णतेचे गिऱ्हाईक शोधायचे तर कपडे रंगवणारे कारखाने, धुलाईगृहे, बेकऱ्या अशा ठिकाणी जावे लागेल, आणि तेही डम्पिंगच्या जवळ असावे लागतील. कारण नळाचा खर्च मैलामैलाने वाढतो. म्हणून आपल्याकडचे सगळे प्रस्ताव विजेवर येऊन थांबतात, म्हणजे दुकानातल्या चाळीस भाग मालावर.

यापुढे जी गोष्ट येते, ती मला या सगळ्या प्रकरणाचे मर्म वाटते. विहिरी, नळ, ब्लोअर आणि ढिगावर घालायचे आच्छादन, हा खर्च कोणाच्या वहीत लिहायचा?

इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात लॉस्को नावाचे गाव आहे. २४ मार्च १९८६ रोजी पहाटे तिथले एक बैठे घर स्फोटात जमीनदोस्त झाले आणि तिघे जखमी झाले. घरात कुणी काही पेटवून ठेवले नव्हते. जवळच्या जुन्या खाणीत कचरा भरला होता, त्यातला मिथेन जमिनीतल्या भेगांमधून त्या घराखाली येऊन साचला होता. त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला, त्यामुळे जमिनीतला वायू वर ओढला गेला. तेव्हापासून कचराभूमीतला वायू ही शेजाऱ्यांच्या जिवाची बाब आहे, हे तिथल्या यंत्रणेला मान्य करावे लागले. अमेरिकेने १९९६ साली मोठ्या कचराभूमींना वायू गोळा करण्याची सक्ती केली. युरोपीय संघाने १९९९ साली तसाच नियम केला.

सक्ती झाली की हिशेबच बदलतो. विहिरी आणि नळ घालणे भागच असते, वीज करा अगर न करा. तो खर्च कचरा टाकणाऱ्याच्या शुल्कातून निघतो. वीज करणाऱ्याला फक्त इंजिनाचा आणि तारा जोडण्याचा खर्च भरून काढावा लागतो. ब्रिटनमध्ये १९९० ते १९९८ या काळात सरकारने पर्यायी विजेसाठी निविदा मागवल्या. १९९४च्या फेरीत कचऱ्याच्या वायूच्या विजेला युनिटमागे सरासरी ३.७६ पेन्स भाव मिळाला, १९९८च्या फेरीत तो २.७३ पेन्सपर्यंत उतरला. इतक्या कमी भावात वीज द्यायला माणसे पुढे आली ती काही दानधर्म म्हणून नव्हे. वायू दारात आणून देण्याचा खर्च दुसऱ्या कुणाच्या तरी खाती आधीच पडलेला होता.

आपल्याकडे उलटे घडते. सगळा खर्च विजेच्या माथी मारायचा आणि मग वीज परवडत नाही म्हणून वायू मोकळा सोडायचा. किंवा त्याहून वाईट म्हणजे विजेच्या, नाहीतर आणखी कसल्या उत्पन्नाची आशा दाखवून विहिरी खणायच्या आणि उत्पन्न आटले की ब्लोअर बंद. वायू काही वीजदराची चौकशी करून सुटत नाही.

‘आणखी कसले उत्पन्न’ म्हणालो, त्याची कथा ब्राझीलमध्ये सुरू होते. क्योटो करारानुसार श्रीमंत देशांना आपला धूर कमी करायचा होता. तो स्वतः कमी करणे महाग पडत असेल तर गरीब देशात कुणी कमी केला त्याचे दाखले विकत घ्यायचे, अशी सोय ठेवली होती. ज्याला आपल्याकडे ‘कार्बन क्रेडिट’ म्हणू लागले, ते हेच. या योजनेखाली जगात पहिला प्रकल्प नोंदवला गेला तो १८ नोव्हेंबर २००४ रोजी, रिओजवळच्या नोव्हा इग्वासू इथला, आणि तो होता कचराभूमीच्या वायूचा. त्याच वर्षी साओ पाउलो शहराच्या बांदेइरांतेस नावाच्या प्रचंड कचराभूमीवर वीस मेगावॅटहून मोठे वीजकेंद्र सुरू झाले. माझ्यासारख्याला गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्यात युनिबँको ही बँक उतरली होती आणि तिथली वीज आपल्या शाखांना वापरणार होती. कचऱ्यावर कर्ज देणाऱ्या बँका पुष्कळ पाहिल्या, कचऱ्यावर दिवे लावणारी ही पहिलीच!

साओ पाउलोच्या महापालिकेने आपल्या वाट्याचे दाखले सप्टेंबर २००७ मध्ये लिलावात काढले. ८,०८,४५० दाखले, प्रत्येकी १६.२० युरो. पुढच्या वर्षी आणखी ७,१३,००० दाखले गेले, ते १९.२० युरोने. दोन लिलावांत मिळून अडीच कोटी युरोहून अधिक रक्कम. जगभरच्या महापालिकांचे डोळे चमकले असल्यास नवल नाही. पण २००८ साली वीस युरोच्या वर असलेला हा दाखला २०१२ साल संपता संपता एका युरोच्याही खाली आला होता. युरोपात मंदी आली, कारखाने थंडावले, दाखल्यांचा बाजारात महापूर आला आणि युरोपने बहुतेक देशांतल्या नव्या प्रकल्पांचे दाखले घेणे थांबवले. कांद्याचा भाव पडला तर शेतकरी निदान कांदा खाऊ शकतो.

आता गोराई. बोरिवलीच्या पश्चिमेला खाडीलगत १९७२ सालापासून कचरा पडत होता. सुमारे वीस हेक्टर जागा, तेवीस लाख टनांहून अधिक कचरा, ढीग काही जागी सव्वीस मीटरपर्यंत म्हणजे आठमजली इमारतीएवढे. आजूबाजूला वस्ती वाढली, रहिवाशांनी लढा दिला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००७ साली तिथे कचरा टाकणे थांबले. पुढच्या दोनेक वर्षांत ढिगाला उतार दिला, त्यावर अस्तर आणि माती घातली, गवत लावले, विहिरी खणल्या, वायू जाळण्याचे नळकांडे उभे केले. ज्यांनी आधीचे गोराई पाहिले आहे त्यांना तो कायापालट वाटला, आणि तो होताच.

या कामासाठी आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीतून सुमारे २५ कोटी रुपये महापालिकेला आगाऊ मिळाले, पुढे द्यायच्या दाखल्यांच्या बदल्यात. निर्यातदाराला माल पाठवण्याआधी बँक जे कर्ज देते त्याला आम्ही ‘पॅकिंग क्रेडिट’ म्हणतो. हा तसाच प्रकार झाला. फरक एवढाच की इथे माल म्हणजे हवेत न गेलेला वायू. गोदामात जाऊन पोती मोजावीत तसा तो मोजता येत नाही. कचरा किती, कसला, किती ओला, यावरून तज्ज्ञांनी काढलेल्या अंदाजावर विसंबावे लागते. आणि कचराभूमीच्या प्रकल्पांत प्रत्यक्ष वायू अंदाजापेक्षा कमी निघणे, हा त्या योजनेतला जगभरचा अनुभव आहे.

यामागे एक कारण असे आहे की ज्या अंदाजांची आपण उसनवारी करतो, ते थंड देशांचे असतात. अमेरिकेत ठोकताळा आहे की दहा लाख अमेरिकन टन कचऱ्यामागे पाऊण मेगावॅटहून थोडी अधिक, नेमके सांगायचे तर ०.७८ मेगावॅट वीज होते. या मापाने गोराईएवढ्या ढिगातून दोन मेगावॅट निघायला हवी. वर्षातला ८५ टक्के वेळ यंत्र चालले तर दीड कोटी युनिट. युनिटला पाच रुपये भाव धरून चालू, म्हणजे पहिल्या वर्षी साडेसात कोटी रुपये. इथपर्यंत प्रस्ताव देखणा दिसतो.

पण ढीग बंद झाल्यावर वायू दरवर्षी उतरत जातो. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या गणितात तो निम्म्यावर यायला सुमारे सतरा वर्षे लागतात. आपला कचरा निराळा. त्यात भाजीपाला आणि शिळे अन्न जास्त, आणि जो कागद, पुठ्ठा सावकाश कुजून वर्षानुवर्षे वायू देतो तो कचरावेचक बायांनी आधीच उचललेला असतो. वर आपला पाऊस आणि उकाडा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या २००६ सालच्या मार्गदर्शिकेत अन्नाच्या कचऱ्याचा निम्मा जीव संपायला थंड कोरड्या हवेत बारा वर्षे धरली आहेत, उष्ण दमट हवेत अवघी दोन. सरमिसळ कचऱ्यासाठी मी आपला चार वर्षांचा मधला आकडा घेऊन बसलो आणि जुन्या सवयीने तक्ता मांडला. पंधरा वर्षांत अमेरिकन चालीने एकूण ८६ कोटी रुपये येतात. चार वर्षांच्या चालीने ४४ कोटी, आणि त्यातलेही बहुतेक पहिल्या सहासात वर्षांत. नवव्या वर्षी उत्पन्न पहिल्या वर्षाच्या पाव. दोन मेगावॅटचे इंजिन पाव भारावर धड चालतही नाही. व्याज मी धरलेलेच नाही, कारण ते धरले असते तर तक्ता तिथेच मिटून ठेवावा लागला असता.

यातून मार्ग नाही असे नाही. एक मोठे इंजिन न घेता लहान लहान अनेक घ्यावीत आणि वायू उतरेल तसे एकेक उचलून दुसऱ्या ढिगावर न्यावे. कर्जाची मुदत पंधरा वर्षांची न ठेवता सहा-सात वर्षांची ठेवावी. आणि ढीग बंद झाल्यावर समित्या नेमण्यात पाच वर्षे घालवू नयेत, कारण आपल्या हवेत त्या पाच वर्षांत निम्म्याहून अधिक ठेव आपणहून उडून गेलेली असते. कांजूरमार्गची भूमी सुरुवातीपासूनच अस्तर घालून बांधलेली आहे, तिचा तक्ता वेगळा मांडावा लागेल. जुन्या उघड्या ढिगांना मात्र हाच हिशेब लागू पडतो.

तर मग विहिरी खणूच नयेत का? इथे देवनारकडे पाहावे लागते. १९२७ सालापासून तिथे मुंबईचा कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६च्या अखेरीस तिथे आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. मिथेन आतून सरपण पुरवत असताना वरून पाणी मारून अशी आग लवकर विझत नाही. धूर इतका की अमेरिकेच्या नासा संस्थेच्या उपग्रहचित्रांत तो दिसला. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर या भागांतल्या लोकांनी तो श्वासातून घेतला, परिसरातल्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. महिन्याभराने, २९ फेब्रुवारी २०१६ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची व्यवस्था लागत नाही तोवर शहरात नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये, असा आदेश दिला. काही अपवाद सोडले तर मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मुभा देईपर्यंत तो लागू होता. दोन वर्षे मुंबईत नव्या इमारती अडल्या. किती घरांची कर्जे, किती गवंड्यांची रोजी, किती लग्ने लांबणीवर पडली असतील! वीज प्रकल्पाच्या अहवालात यांतला एकही रुपया ‘टळलेला खर्च’ म्हणून कुणी लिहीत नाही. गोवंडीतल्या आईने मुलाच्या खोकल्यावर केलेला खर्चही लिहीत नाही. तो लिहिला तर विहिरी आणि ब्लोअर यांचा खर्च पाणीपुरवठ्याच्या किंवा अग्निशमन दलाच्या खर्चासारखा दिसू लागेल. अग्निशमन दल नफ्यात चालते का, असे आपण विचारत नाही. त्यातून चार पैशांची वीज निघाली तर तेवढाच भार हलका.

नव्या कचऱ्यासाठी तर ढिगापर्यंत जाण्याचीही गरज नाही. जो वायू डम्पिंगमध्ये निम्मा-अधिक निसटतो, तो बंद टाकीत सगळा पकडता येतो. ओला कचरा मात्र घरापासून वेगळा यायला हवा. होळकरांच्या इंदूरने हे मनावर घेतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून १७,००० किलोपर्यंत सीएनजी करू शकणारा कारखाना सुरू झाला, त्यावर शहराच्या बसगाड्या चालवायचे ठरले. तिथे वीज करण्याच्या भानगडीत पडलेच नाहीत. वायू शुद्ध करून तो इंधन म्हणूनच विकायचा, म्हणजे साठ भाग माल रस्त्यावर ओतणे टळले. करार असा की चालवणारी कंपनीच महापालिकेला वर्षाला सुमारे अडीच कोटी रुपये देईल.

इंदूरला जाऊन आलेले आपले नगरसेवक हा अडीच कोटींचा आकडा उत्साहाने सांगतात. त्या कारखान्याच्या दारात जो ओला कचरा येतो, त्यात प्लॅस्टिकची पिशवी किंवा फुटकी बाटली क्वचितच सापडते. त्यासाठी रोज सकाळी गाड्या गल्लीगल्लीतून फिरतात, गाडीत वेगवेगळे कप्पे असतात, सरमिसळ कचरा देणाऱ्या घराला कर्मचारी परत पाठवतो, दंड होतो. गाड्यांचे डिझेल, चालकांचे पगार, दंडाच्या पावत्या फाडणाऱ्यांचे भत्ते यांतले काहीच कारखान्याच्या ताळेबंदात नाही. ते सगळे इंदूर महापालिकेच्या वहीत, सफाई या सदराखाली, कारखाना उभा राहण्याच्या कितीतरी आधीपासून खर्ची पडत आले आहे.